त्रोम्पो आता मोठा झालाय

मेक्सिको शहर, ७ जानेवारी

तावो,

फोन तू उचलत नाहीस म्हणून हे पत्र. मागे एकदा मारिक्रूस फार चाचरत म्हणाली होती, "सासूबाई, त्याला तुमचा राग नाहीये हो. तुमचा आवाज ऐकला की त्याला कसंतरीच होतं." ठीक आहे. कागदाला आवाज नसतो. आता हे वाचताना तुझ्या कानात माझा आवाज आलाच, तर त्याला मी काय करणार? तुझे कान, तू बघ.

आधी कामाचं सांगते. येत्या दोन फेब्रुवारीला, कांदेलारियाच्या सणाला, स्टुडिओतल्या सगळ्यांना तू मक्याच्या पिठाचे वाफवलेले तामाले खाऊ घालायचे आहेत.

हसू नकोस. काल तीन राजांचा सण होता. एफ्राइनने नेहमीसारखा रोस्काचा गोड पाव आणला होता. आमचे दिग्दर्शक महाराज सत्तरीला आले, पण पाव अजून लग्नघरासारखाच आणतात. टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबत होता, वर साखरेचे पट्टे, सुकी अंजिरं, सगळं. प्रत्येकाने आपापला तुकडा कापला. मी दोन कापले, एक माझा, एक तुझा. मी दरवर्षी कापते. तुझा तुकडा शेवटी साऊंडवाला चाटूनपुसून खातो, तो भाग वेगळा. तर काल तुझ्या तुकड्यात सुरी शिरेचना. वाकून बघते तर पावात लपवलेल्या प्लॅस्टिकच्या बाळाचे दोन पाय!

काय गोंधळ झाला म्हणून सांगू. सगळे टेबल बडवत ओरडायला लागले, "तावोला बाळ आलं! तावोला बाळ आलं!" आता ज्याच्या तुकड्यात बाळ, त्याचे कांदेलारियाला तामाले, हे काय मी तुला सांगायला हवं? मी म्हटलं, अहो, तो तिकडे ग्वायमासला. कोळंबीच्या बोटींच्या इंजिनात डोकं घालून बसलाय. एफ्राइन मिशा पुसत म्हणाला, "सेनी, बाळ काय पत्ता विचारून येतं का? ज्याचा तुकडा त्याचे तामाले. आणि स्वतः आणून वाढायचे, सांग त्याला."

तुला वाटेल, म्हातारीने मुद्दाम केलं. मुळीच नाही. कापायच्या आधी पाव उलटा करून, बाळ जिथून आत खुपसतात ते खालचं भोक मी पाहिलं नव्हतं. म्हणजे ओझरतं पाहिलं, पण त्यावरून काही कळत नाही.

आता दुसरी बातमी. खुर्चीत बसून वाच. धूमकेतू पथक परत येतंय. मालिका नव्हे, अख्खा सिनेमा. इतकी वर्षं ज्या परदेशी कार्टूनला आम्ही आपल्या भाषेत आवाज दिले, ते पथक आता म्हातारं झालंय म्हणे. कप्तानबाईचे गुडघे दुखतात. आणि पथकातलं शेंडेफळ, आपला त्रोम्पो, भोवऱ्यासारखा गरगर फिरून भिंती फोडणारा, "तू मागे थांब" म्हटलं की सगळ्यांच्या पुढे धावणारा, तो आता चांगला बाप्या झालाय. पथक सोडून कुठेतरी लांब राहतो. कुणाशी बोलत नाही. हे मी लिहिलेलं नाही हं, परदेशात लिहिलंय. माझ्याकडे संशयाने बघू नकोस.

सिनेमात एक प्रसंग आहे. मोठ्या त्रोम्पोला लहानपणीचा त्रोम्पो भेटतो. लहान मी करणार. आणि मोठ्यासाठी एफ्राइनला तू हवा आहेस. त्याचं म्हणणं, ते पोर मोठं होऊन कसं बोलेल याचा अंदाज कशाला बांधायचा? ते मोठं झालेलंच आहे, ग्वायमासला राहतं, फक्त बोलावून घ्यायचं. तुझ्या आवाजाची चाचणी कांदेलारियालाच ठेवलीय, कारण त्या दिवशी तू तामाले घेऊन येणारच आहेस.

आब्रिलला माझ्या दोन पाप्या. एक गालाची, एक नाकाची.

तुझी ममा


१५ जानेवारी

तावो,

मारिक्रूसचा निरोप पोचला. "तो म्हणतो, तामाले कुरियरने पाठवतो. बाकीचं जमणार नाही."

कुरियरने! उकडलेले तामाले डब्यात घालून कुरियरने! ज्या माणसाने पाठवले त्याच्या घरात माणसं राहतात की नाही अशी लोकांना शंका येईल. मी एफ्राइनला तो निरोप सांगितलाच नाही. त्याचं ब्लडप्रेशर आधीच कुठच्या कुठे असतं.

तुझी जागा घ्यायला कोण तयार बसलंय ते तरी ऐक. सकाळी टीव्हीवर स्वयंपाकाची स्पर्धा असते ना, ती चालवणारा तो पोरगा. त्याचं नाव माझ्या लक्षात राहत नाही, दात राहतात. आम्ही सगळे त्याला दातवालाच म्हणतो. सिनेमा विकायला चेहरा लागतो, असं परदेशी कंपनीच्या बाईंचं मत. मी म्हटलं, बाई, चेहरा चित्राला आहे की. तर त्या नुसत्या हसल्या. दातवाल्याने परवा चाचणी दिली. मुलगा वाईट नाही रे, पण बोलताना त्याचं हसू ऐकू येतं. त्रोम्पो पडक्या मनोऱ्यावर उभा आहे, आत सगळं मोडून गेलंय, आणि हा टूथपेस्ट विकतोय. एफ्राइनने काचेपलीकडून माझ्याकडे असं पाहिलं की मी बाहेर जाऊन पेलाभर गरम आतोले पिऊन आले.

तू का येत नाहीस ते मला माहीत आहे. मीच बोलते, म्हणजे तुला बोलावं लागणार नाही.

तू तेरा वर्षांचा होतास. त्रोम्पो मनोऱ्यावरून खाली पडतो तो प्रसंग. तू किंकाळी फोडलीस, फार सुरेख फोडलीस, आणि मध्येच तुझा आवाज फुटला. विहिरीत बादली सुटावी तसा धपकन खाली गेला. सगळे हसले. तूही हसलास. पुन्हा केलंस, पुन्हा तेच. बाहेर दुसऱ्या मालिकेची माणसं खोळंबली होती. मी तुझ्या शेजारी उभी होते, त्या भागात मी चेटकीण होते. एफ्राइन म्हणाला, "सेनी, पुढचं तू पूर्ण करतेस का, त्याच्यासारखं?" मी केलं. आजही तो भाग लागला की बघ, त्या किंकाळीचं डोकं तुझं आहे आणि शेपूट माझं. सांधा कुठे आहे ते आजपर्यंत कुणाला सापडलेलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वळून पाहिलं तर तू हेडफोनची वायर गुंडाळत होतास. नीट, पीळ न पडू देता, मी शिकवली होती तशी.

मी माफी मागावी अशी तुझी अपेक्षा असेल तर ती सोडून दे. काम अर्धं पडलं होतं, ते मी पूर्ण केलं. उद्या पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा करेन. तुझा आवाज फुटला हा माझा दोष नव्हे, तुझाही नव्हे. पोरं मोठी होतात.

पण मग तू मोठा झालास, उत्तरेला निघून गेलास, आणि त्रोम्पो मात्र इथेच राहिला, माझ्या घशात. तुला ते खुपतं. मारिक्रूस सांगत होती की घरात ते कार्टून लागलं की तू उठून बोटीकडे जातोस, रविवार असला तरी. माझ्या लेकाला स्वतःच्याच आवाजापासून पळावं लागतं, हे ऐकून मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. हे मात्र खरं सांगते.

ये रे. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे.

तुझी ममा


२४ जानेवारी

तावो,

आज तुला पत्र लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण टपालाने आब्रिलचं चित्र आलं. मोठा त्रोम्पो काढलाय तिने. दाढी आहे, हाताला काळं तेल लागलंय, पायात रबरी बूट. बूट तर अगदी हुबेहूब, टाचेपाशी फाटलेला सुद्धा सोडला नाही. खाली लिहिलंय, "आजी, त्रोम्पो माझ्या पप्पासारखा हसतो. मी पप्पाला सांगितलं. पप्पा म्हणाला, कुणीही कुणासारखं हसत नसतं, जेव. आई तोंडावर हात ठेवून हसत होती."

म्हणजे तू तिला सांगितलंच नाहीस. तिच्या वर्गातली सगळी पोरं ज्याचे टी-शर्ट घालतात तो पहिला त्रोम्पो तिचा बाप आहे, हे तिला माहीतच नाही! मी सांगणार नाही. तोंडाला कुलूप. तुझी गोष्ट आहे, तू सांग नाहीतर सांगू नकोस. पण तिचे कान बघ. हसण्यावरून माणूस ओळखते पोरगी. हे कान कुठून आले ते मी आरशात बघून सांगू शकते.

एफ्राइन माझ्यावर चिडलाय. गेले दोन दिवस मला "सेनायदाबाई" म्हणतोय, म्हणजे प्रकरण गंभीर आहे. म्हणतो, "सेनायदाबाई, तुम्ही अट घातलीत ती परत घ्या. कंपनी तुमच्याशिवायही सिनेमा करेल. पुएब्लाच्या एका मुलीला बोलावून ठेवलंय त्यांनी." मी म्हटलं, करू दे. दातवाल्याच्या लहानपणाचा आवाज मी काढणार नाही. त्रोम्पो लहानपणी ज्याचा होता, मोठेपणीही त्याचाच असेल, नाहीतर मी घरी बसून झाडांना पाणी घालेन.

हे तुला सांगायचं नव्हतं. खोडून टाकणार होते, पण शाईचं पेन आहे, पान घाण होईल. तेव्हा हे वाचलं नाहीस असं समज. यासाठी मुळीच येऊ नकोस. माझ्यावर उपकार म्हणून आलास तर मी दारातच परत पाठवेन. तामाले द्यायला ये, बाळ तुला आलंय.

तुला काय वाटतं ते मला नीट कळत नाही, तू बोलत नाहीस. मला काय वाटतं ते लिहिते. तू गेलास त्यानंतर घरात फार शांतता झाली. तुझे बाबा तर आधीच गेले होते. आणि दर गुरुवारी सकाळी मी बस पकडून नार्वार्तेच्या स्टुडिओत जायची, हेडफोन घालायची, माइकपुढे उभी राहायची आणि तू यायचास. नऊ वर्षांचा, गुडघे फोडून घेतलेला, हट्टी. "मी पण येणार!" म्हणायचास. मी तुझा आवाज चोरला असं तुला वाटत असेल तर वाटू दे. मला सोडवत नव्हतास तू. जगात कुठल्या आईला तिच्या मुलाचं नववं वर्ष इतकी वर्षं पुरलंय, सांग. मी सुखी होते, तावो. गुरुवार होता ना माझा. लोक विचारायचे, एकटीला करमतं का? मी म्हणायची, करमतं की. कसं ते त्यांना कळलं नसतं.

पण आता मला मोठा तू हवा आहेस. लहान पुष्कळ झाला.

तुझी ममा

ता.क. मारिक्रूसला सांग, तिकडच्या पद्धतीने तामाल्यात ऑलिव्ह घालणार असशील तर बी काढून घाल. इकडच्या लोकांना सवय नाही.


२९ जानेवारी

तावो!

मारिक्रूसचा निरोप आत्ता आला. "तो विचारतोय, माणसं किती असतील?"

पुष्कळ, असं सांग. साऊंडवाला दोन माणसांचं खातो, एफ्राइन डॉक्टरांना चोरून खातो, आणि कंपनीच्या बाई मी इतकंच खाते इतकंच खाते म्हणत सगळ्यांपेक्षा जास्त खातात. मी याहून एक अक्षर विचारत नाही. येतोस का, कधी येतोस, बोलणार का, काही नाही. माझी जीभ बांधून ठेवलीय.

तुझ्या खोलीची चादर बदलली. ती मी तशीही बदलतच असते. थंडी आहे, जाड स्वेटर घे. ग्वायमासच्या उन्हात तुम्हाला थंडी म्हणजे काय ते आठवत नाही.

ममा


४ फेब्रुवारी

माझ्या आब्रिलबाई,

हे पत्र तुझ्या एकटीचं आहे. तुझा पप्पा काल संध्याकाळी इथून निघाला, म्हणजे पत्राच्या आधी पोचेल. "तिकडे काय काय केलंस?" असं तू त्याला विचारशील आणि तो म्हणेल, "काही नाही, तामाले दिले." त्याचं तोंड उघडायला पाना लागतो, हे तुला माहीतच आहे. म्हणून बसच्या दारात मी त्याला विचारलं, "आब्रिलला मी सांगू?" तो म्हणाला, "सांग सगळं. तू माझ्यापेक्षा बरं सांगतेस." परवानगी मिळाली. आता ऐक.

तुझे कान खरे आहेत. त्रोम्पो तुझ्या पप्पासारखा हसतो, कारण तो तुझा पप्पाच आहे. नऊ वर्षांचा असल्यापासून आवाज फुटेपर्यंत त्रोम्पो तो होता. त्यानंतर मी. मी त्याची नक्कल करायची, इतकी की कुणाला फरक कळला नाही. तुला मात्र माझ्या आवाजातून सुद्धा तो ऐकू आला. शहाणी माझी ती.

तर परवा कांदेलारियाच्या दिवशी स्टुडिओच्या दारात एक भलीमोठी बर्फाची पेटी आली आणि तिच्यामागे तुझा पप्पा. पेटीत बर्फ नव्हता, चादरीत गुंडाळलेले गरम तामाले होते. पहाटेच माझ्या स्वयंपाकघरात त्याने ते पुन्हा वाफवले होते. मी मदत करू का विचारलं तर म्हणाला, "तू बस." बसले. इतक्या वर्षांनी माझा मुलगा माझ्या स्वयंपाकघरात घामेघूम होऊन पातेली हलवत होता आणि मी खुर्चीवर बसून नुसतं बघत होते. फार छान वाटलं मला.

स्टुडिओत त्याने प्रत्येकाला हाताने वाढलं. तुझ्या आईने ऑलिव्हची बी काढली नव्हती, बरं का! तो टीव्हीवरचा मुलगा आहे ना, स्वयंपाकाच्या स्पर्धेतला, तोही आला होता. पहिल्याच घासाला कट्! त्याने गाल धरला, बी हातात काढली, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "काका, आणखी एक वाढा." मी त्याला आता नावाने हाक मारायचं ठरवलंय. त्याचं नाव लिओनेल आहे.

मग एफ्राइनआजोबा अगदी साळसूदपणे म्हणाले, "तावो, आलाच आहेस तर एक वाक्य बोलून बघतोस का? गंमत म्हणून." तुझा पप्पा म्हणाला, "एफ्राइनकाका, तुमची गंमत मी लहानपणापासून ओळखतो." पण नळावर जाऊन त्याने हात धुतले. साबण लावून, दोनदा. मला कळलं की हा बोलणार.

हल्ली आम्ही सगळे एकेकटे आवाज देतो. एक जण जातो, दुसरा येतो, भेट सुद्धा होत नाही. परवा एफ्राइनआजोबांनी दोन माइक शेजारी शेजारी लावले, जुन्या दिवसांसारखे. काचेपलीकडे सगळे जमले, लिओनेल तर जमिनीवरच बसला. समोर पडद्यावर चित्र. पडका मनोरा. मोठा त्रोम्पो आत शिरतो, तर एका कोपऱ्यात लहान त्रोम्पो लपून बसलेला. कितीतरी वर्षं तो तिथेच बसलाय, त्याला कुणी सांगितलंच नाही की लढाई संपली. मोठा हात पुढे करतो आणि म्हणतो, "आता परत जाऊया."

तुझ्या पप्पाने ते म्हटलं. खालच्या आवाजात, इंजिनाशी बोलतो तसं. एफ्राइनआजोबा एकदम ताठ बसले. पण त्यांनी हात वर केला, "आवाज सोन्यासारखा आहे, वाक्य बसत नाही." आमच्या कामात असं असतं, आब्रिल. चित्रातल्या माणसाचे ओठ मिटले की आपलेही मिटायला हवेत, नाहीतर बघणाऱ्याला खोटं वाटतं. आणि या चित्रात तो हात पुढे करताना त्याचे ओठ लागोपाठ दोनदा आणि मग आणखी एकदा मिटत होते. "आता परत जाऊया"मध्ये ते नेमके त्या जागी मिटेनात. एफ्राइनआजोबांनी हे शब्द घातले, ते काढले. कंपनीच्या बाईंनी एक सुचवलं. काही बसेना. तुझा पप्पा ते चित्र पुन्हा पुन्हा बघत होता. मग म्हणाला, "हा 'ममा' म्हणतोय."

"काय?"

"ओठ बघा ना. 'चल. ममा वाट बघतेय.'"

मी त्याच्याकडे पाहिलं नाही. समोरच्या कागदावर बोट ठेवून उभी राहिले. एफ्राइनआजोबांनी कंपनीच्या बाईंकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली. घेऊन बघू, म्हणाल्या.

त्यावर लहान त्रोम्पो एकच शब्द बोलतो, "आलो!" तो माझा. लाल दिवा लागला, तुझ्या पप्पाने त्याचं वाक्य म्हटलं, ते ओठांवर असं बसलं की जणू चित्र त्याच्यासाठीच काढलं होतं. आणि मी नेहमीसारखा श्वास ओढला आणि "आलो!" म्हटलं.

तो श्वास तुला माहीत असेल. त्रोम्पो प्रत्येक वाक्याआधी एक छोटासा श्वास आत ओढतो, हिसका दिल्यासारखा. शाळेत पोरं त्याची नक्कल करतात ना, तोच. तुझ्या पप्पाने एका कानावरचा हेडफोन काढला.

"ममा, तो श्वास कशाला घेतेस?"

"तू घ्यायचास म्हणून. मी एकदाही चुकवलेला नाही. इतका आनंद व्हायचा तुला बोलायला मिळालं की! सगळं एकदम सांगायची घाई."

"आनंद कसला," तो म्हणाला. "मला त्या लाल दिव्याची भीती वाटायची. तो लागला की छातीत धस्स व्हायचं. म्हणून तो श्वास."

इतके गुरुवार मी माझ्या लेकराची भीती जशीच्या तशी करून दाखवत होते, आणि मला वाटत होतं तो त्याचा आनंद आहे. इतकी हुबेहूब जमली होती मला ती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी लपवलं नाही, त्या खोलीत लपवायला जागाच नसते. काचेपलीकडून एफ्राइनआजोबांनी विचारलं, "थांबूया का?" मी मान हलवली, नको. मी तुझ्या पप्पाला विचारलं, "मग आता काय करू मी?"

त्याने माझ्या कानावरचा हेडफोन सरळ केला.

"आता नको घेऊस," तो म्हणाला. "आता मी आहे ना त्याच्या शेजारी."

मार्चमध्ये तो बाकीचं काम करायला येणार आहे. सगळं ठरलंय, कंपनीच्या बाईंनी सह्यासुद्धा घेतल्या. या वेळी तुला आणि तुझ्या आईला घेऊन येईल. तू यायच्या आधी शेवटचं एवढंच सांगायचं राहिलं.

लाल दिवा पुन्हा लागला. तुझा पप्पा म्हणाला, "चल. ममा वाट बघतेय." आणि मी श्वास न ओढता म्हटलं,

"आलो!"

एफ्राइनआजोबांनी त्यानंतर पुन्हा टेक घेतला नाही.

तुझी आजी
सेनायदा